खान्देशच्या उन्हात 'फोटोपिल्स': कुठे कामाचं, कुठे कुचकामी

फोटोपिल्स हे सूर्य-चंद्र कुठे, किती वाजता, किती उंचीवर असतील ते सांगणारं मोबाइल ॲप. स्पेनमधल्या मेनोर्का बेटावरच्या मंडळींनी केलेलं. त्याची जाहिरात बघितली तर डोंगरमाथ्यावरचा चंद्र, दीपगृहामागची आकाशगंगा असलं भव्य काहीतरी दिसतं. हे परीक्षण त्यासाठी नाही. जुन्या पेठेतली गल्ली, पत्र्याची चहाटपरी, नंदुरबारची वाळत पसरलेल्या मिरचीची पथारी, जिनिंगचं (कापसातून सरकी वेगळी करण्याचं) शेड, केळीची बाग अशा रोजच्या जागांसाठी ते किती उपयोगी पडतं, एवढंच इथे बघायचं आहे. या जागांत एरवी कॅमेरा काढावा असं काही नसतं. ऊन ठरावीक कोनात आलं की दहा-पंधरा मिनिटं तिथे सगळं पालटतं आणि मग पुन्हा जैसे थे. ती मिनिटं आधी कळणार का, हा खरा प्रश्न.

निकाल आधीच सांगून टाकतो. कोनाच्या हिशेबाला ॲप चोख आहे, पैसे वसूल. हवेत काय आहे हे त्याला कळत नाही, आणि खान्देशात निम्मा खेळ हवेचाच असतो.

पहिला फायदा अगदी साधा आहे, पण फार लोकांच्या लक्षात येत नाही. भिंतीवरच्या बहुतेक दिनदर्शिकांतला सूर्योदय-सूर्यास्त मुंबईचा असतो. जळगाव मुंबईच्या पूर्वेला पावणेतीन रेखांश, म्हणजे ११ मिनिटं सूर्य इथे आधी. त्यात अक्षांशाचा फरक मिळवला की डिसेंबरात जळगावचा सूर्यास्त मुंबईपेक्षा सुमारे पंधरा मिनिटं आधी होतो. २१ डिसेंबरला जळगावात सूर्य ७ वाजता उगवतो आणि ५:५१ ला मावळतो. मुंबईची वेळ धरून सहाला पोहोचणारा माणूस तिपाई लावेपर्यंत खेळ खलास. खान्देशातल्या खान्देशातही फरक आहे: नंदुरबार जळगावच्या पाच मिनिटं मागे, रावेर दोन मिनिटं पुढे. पाच मिनिटांनी काय होतंय, असं वाटत असेल तर पुढचा हिशेब बघा.

इथला 'गोल्डन अवर' तासाचा नाही

फोटोपिल्स सूर्याची उंची क्षितिजाखाली ४ अंशांपासून क्षितिजावर ६ अंशांपर्यंत असते त्या वेळेला गोल्डन अवर (कोवळ्या सोनेरी उन्हाची वेळ) म्हणतं, आणि क्षितिजाखाली ४ ते ६ अंशांच्या पट्ट्याला ब्लू अवर (निळसर संधिप्रकाशाची). व्याख्या ठीक आहे. पण युरोपातले व्हिडिओ बघून शिकलेल्याची इथे फसगत होते. आपण २१ अक्षांशावर आहोत, सूर्य इथे बराच उभा चढतो. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी तो ताशी १४ अंशांनी वर येतो, डिसेंबर-जूनमध्ये साडेबारा-तेरा अंशांनी. म्हणजे सूर्य दिसल्यापासून ६ अंशांवर जाईपर्यंत अर्धा तास, जास्तीत जास्त तेहेतीस मिनिटं. लंडनमध्ये त्याच विषुवदिनी याच पट्ट्याला पाऊण तास लागतो, हिवाळ्यात त्याहून जास्त. ब्लू अवर तर आपल्याकडे नऊ मिनिटांत आटोपतो.

सहा अंशांचीच मर्यादा का? त्या उंचीवर उन्हाला डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळजवळ नऊपट हवा कापून यावं लागतं, निळा रंग वाटेतच विखुरतो. ३० अंशांवर ही हवा फक्त दुप्पट उरते आणि ऊन पांढरं पडतं. सावलीचंही तसंच. ६ अंशांवर सावली वस्तूच्या साडेनऊपट लांब, १२ अंशांवर पावणेपाचपट, ३० वर पावणेदोनपट. ॲपमध्ये खालची वेळेची पट्टी बोटाने सरकवली की सूर्याची उंची लगेच बदलताना दिसते. रोजच्या वापरात मला हीच सोय सगळ्यात मोलाची वाटते. 'सकाळी लवकर जा' याऐवजी 'सूर्य ५ ते ९ अंश असताना हवा' असं बोलता येतं, आणि ते कोणत्याही ऋतूत लागू पडतं.

उन्हाळ्यातल्या दुपारचंही सांगतो. जळगाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने २५ मे आणि १८ जुलैच्या सुमाराला सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. नंदुरबारला मेमधली ही तारीख दोन-तीन दिवस पुढे. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारी सूर्य चक्क उत्तरेला असतो. एरवी दुपारी सावलीत असणारी उत्तरेकडची भिंत तेवढे दिवस तिरकस ऊन खाते: गिलाव्याचे पोपडे, दारावरचं कोरीवकाम, खिडकीच्या गजांची सावली, सगळं वरून खरवडल्यासारखं उठून दिसतं. जुलैत ढगांमुळे ते हाती लागेलच असं नाही, मेअखेरीला नक्की लागतं.

गल्लीचा हिशेब, आणि त्यातली चूक

ॲपचा मुख्य भाग प्लॅनर. नकाशावर लाल पिन म्हणजे आपण, काळी पिन म्हणजे समोरची वस्तू किंवा अडथळा. लाल पिनेतून निघणारी जाड पिवळी रेघ सूर्योदयाची, नारिंगी-लाल रेघ सूर्यास्ताची, आणि बारीक रेघ त्या क्षणीच्या सूर्याची. जळगावात सूर्योदयाची रेघ वर्षभरात उत्तरेपासून ६५ अंश (जून) ते ११५ अंश (डिसेंबर) एवढी फिरते, सूर्यास्ताची २९५ ते २४५. तुमची गल्ली या पन्नास अंशांच्या पंख्यात बसत नसेल तर तिच्या तोंडाशी उगवता सूर्य वर्षात कधीच येणार नाही. एवढं कळलं तरी पुष्कळ चकरा वाचतात.

दक्षिणोत्तर गल्लीत तर खाली सोनेरी ऊन पडणंच शक्य नाही. गल्ली ४ मीटर रुंद, घरं ७ मीटर उंच धरा. सूर्य ६ अंशांवर असताना समोरच्या भिंतीचा वरचा फक्त ४० सेंटिमीटरचा पट्टा उजळतो. सूर्य गल्लीला काटकोनात असेल तर ऊन जमिनीला टेकायला तो ६० अंशांवर यावा लागतो आणि तोवर ते पांढरंफटक झालेलं असतं. अशा गल्लीत वरचा पट्टा, गच्चीचा कठडा, वाळत घातलेली लुगडी एवढंच घ्यायचं. ओट्यावर बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर कोवळं ऊन हवं असेल तर पूर्व-पश्चिम गल्ली शोधायची.

पूर्व-पश्चिम गल्लीत बहुतेक जण पिवळी रेघ गल्लीच्या रेषेवर जुळवतात, तारीख लिहून घेतात आणि त्या दिवशी निराश होऊन परततात. कारण असं की गल्लीच्या टोकाला मोकळं क्षितिज नसतं, कुणाचं तरी घर असतं. सूर्य त्या छपरावर येईपर्यंत उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, सरकलेला असतो. आपल्या अक्षांशावर १० अंश वर येताना सूर्य ऋतूप्रमाणे चार ते पाच अंश बाजूला जातो. संध्याकाळी उलट: मावळायच्या जागेच्या डावीकडून, वरून तिरका उतरत येतो.

आकड्यात बघू. गल्लीची दिशा १०० अंश, टोकाचं घर ८ अंश उंची अडवतंय. सूर्योदयाची रेघ जुळवली तर तारीख निघते २४ फेब्रुवारी. प्रत्यक्षात सूर्य १०० अंशांवर आणि ८ अंश उंच असतो ४ मार्चच्या आसपास, सकाळी ७:२४ ला. आठ-नऊ दिवसांची चूक. शरद ऋतूत तीच गंमत: रेघ म्हणते १८ ऑक्टोबर, ऊन येतं ९-१० ऑक्टोबरला.

करायचं असं. आधी गल्लीत जाऊन टोकाच्या घराची उंची अंशात मोजा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश, मधली तीन बोटं ५, करंगळी १. मग प्लॅनरमध्ये लाल पिन आपल्या उभं राहायच्या जागी, काळी गल्लीच्या टोकाला; दिशा ॲपच सांगतं. पुढे शोधाच्या भागात जाऊन सूर्य दिलेल्या दिशेला आणि दिलेल्या उंचीवर कधी येतो ते विचारा. तिथे चुकीची सूट किती धरायची तेही ठरवता येतं. दिशेला २ अंश आणि उंचीला १ अंश सूट ठेवली की कामापुरत्या तारखा येतात. चार मीटर रुंद आणि साठ मीटर लांब गल्लीला एवढी सूट चालते, म्हणजे मुख्य तारखेच्या दोन्ही बाजूंना चारेक दिवस. मार्च-सप्टेंबरात सूर्याची जागा रोज जवळजवळ अर्धा अंश सरकते, त्यामुळे आठवडा चुकला की थेट सहा महिन्यांनी. डिसेंबर-जूनमध्ये मात्र सूर्य थबकतो: २१ डिसेंबरच्या आधीचे आणि नंतरचे दहा-दहा दिवस फरक अर्ध्या अंशाच्या आतच. ज्यांना शनिवार-रविवारच मिळतो त्यांनी डिसेंबरात जुळणाऱ्या गल्ल्या शोधाव्यात.

ॲपची इथली उणीव अशी की घरं त्याला दिसतच नाहीत. जमिनीचा चढउतार त्याच्याकडे आहे, छपरं नाहीत. डोंगराच्या बाबतीत मात्र काम बरोबर करतं. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्याच्या बाजूला, काळी पिन धारेवर ठेवली की दोन्ही पिनांमधलं अंतर आणि उंचीतला फरक मिळतो. धार ५०० मीटर वर आणि ५ किलोमीटरवर असेल तर पावणेसहा अंश गेलेच. त्या बाजूचा सोनेरी वेळ जवळजवळ पूर्ण डोंगराच्या पोटात.

कॅमेऱ्यातून बघत आभासी सूर्याची वाट दाखवण्याची सोयही आहे. ती आकर्षक आहे, तिच्यावर विसंबून राहू नका. फोनमधलं होकायंत्र लोखंडाने बावचळतं: एसटी स्टँडचं शेड, उभा ट्रक, पत्र्याची टपरी, शटर, इतकंच काय चुंबकाचं कव्हर. दहा-वीस अंश चूक सहज येते. फोन इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्या, लोखंडापासून पाच-सहा पावलं लांब उभे राहा, आणि खरा सूर्य दिसत असेल तर आभासी सूर्य त्याच्यावर आणून जुळवून घ्या. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्याही आत आहे, तेव्हा त्याची काळजी नको. शंका आली तर सरळ नकाशा वापरा, तो चुकत नाही.

मिरचीची पथारी

नंदुरबारच्या लाल मिरचीच्या पथाऱ्या म्हणजे या ॲपची खरी परीक्षा. मोकळं मैदान, अडथळा नाही, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू पडतात. डिसेंबरअखेर तिथे सूर्य ६ अंशांवर सकाळी ७:४० च्या सुमारास येतो आणि १२ अंशांवर ८:१० ला. या अर्ध्या तासात पसरलेल्या मिरचीचा प्रत्येक थर वेगळा दिसतो, कारण १५ सेंटिमीटरच्या ओळीची सावली ६ अंशांवर जवळजवळ दीड मीटर पडते. त्याच ओळीची १२ अंशांवर ७० सेंटिमीटर. नऊनंतर तेच मैदान म्हणजे नुसता लाल रंगाचा सपाट तुकडा.

ॲप सांगतं तिथे जाऊन उभं राहिलं तरी फोटो बिघडतो, तो लाल रंगामुळे. सकाळच्या उन्हात लाल आधीच जास्त, त्यात वस्तू लाल. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) मधोमध छान दिसतो आणि लाल चॅनल, म्हणजे एकट्या लाल रंगाचा आलेख, केव्हाच उजव्या भिंतीला धडकलेला असतो. घरी मोठ्या पडद्यावर मिरची म्हणजे टोमॅटो सॉस सांडल्यासारखा डाग, सुरकुत्या नाहीत, देठाजवळची चमक नाही. उपाय: तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, लाल उजव्या कडेला चिकटेनासा होईपर्यंत एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) कमी करा. साधारण दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली यावं लागतं. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा. 'व्हिव्हिड' किंवा 'लँडस्केप' असेल तर हिस्टोग्रामही त्याच भडक जेपेगचा येतो आणि दिशाभूल करतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको: फ्रेमभर लाल बघून कॅमेरा निळसर-हिरवट भर घालतो आणि उन्हाचा ऊबदारपणाही त्यात धुऊन जातो. ५२०० ते ५५०० केल्विनवर पक्का करा.

सूर्य पाठीशी घेऊ नका, सावल्या वस्तूंच्या मागे लपतात. बाजूने, साठ ते नव्वद अंशांत घ्या. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. फावड्याने मिरची परतणाऱ्या बायकांच्या हालचालीला १/५०० सेकंदाचं शटर, पाठीमागचं शेत थोडं विरघळवायचं तर एफ/४ (लेन्सचं छिद्र मोठं), सगळी पथारी रेखीव हवी तर एफ/८ (छिद्र लहान). आधी विचारा. "मावशी, तुमचं काम चालू राहू द्या, मी बाजूने काढतो" एवढं म्हटलं की पुरतं. त्यांना थांबवून उभं केलं तर फोटो मेला. आणि मिरचीची धूळ लेन्सवर बसली की कापडाने पुसायचं नाही, आधी ब्लोअर. तोच हात डोळ्याला लागला तर पुढचा अर्धा तास फोटो विसरा.

मोबाइलवाल्यांसाठी: मिरचीवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक झालं की सूर्याच्या चिन्हावरून बोट खाली ओढा. एचडीआर बंद करता येत असेल तर करा. ते सावल्या उजळवतं, आणि इथे सावली हाच फोटो आहे.

जिनिंगमध्ये हिशेब वेगळा. उन्हाची तिरीप हवेत दिसायला हवेत काहीतरी तरंगत असावं लागतं आणि कापसाच्या तुसांचा तिथे तुटवडा नाही. तिरीप उजेडाच्या दिशेने तोंड करून बघितली तर खूप ठळक दिसते, पाठ करून बघितली तर जवळजवळ दिसतच नाही. कारण एवढे मोठे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात. म्हणून झरोका फ्रेमच्या जरा बाहेर, मागे काळोखी भिंत किंवा गाठींची थप्पी, आणि माणूस तिरिपीच्या काठावर. एफ/४, १/२५०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पासून सुरुवात करा आणि तिरिपीवर स्पॉट मोजणी (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजणं) घ्या; सरासरी मोजणी काळोख बघून दीड-दोन स्टॉप जास्त उजेड घेते आणि तिरीप पांढरी फुटते. पत्र्याच्या भोकातून चार मीटर खाली पडलेला कवडसा पावणेचार सेंटिमीटरचा असतो, तो मिनिटाला पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत सरकतो. म्हणजे दोन मिनिटांत आपली जागा पूर्ण सोडतो. हातावर, तराजूच्या काट्यावर कवडसा हवा असेल तर तो पुढे कुठे जाणार ते बघून आधीच फोकस लावून बसा. ॲपचा उपयोग इथे झरोक्याची दिशा आणि सूर्याची दिशा जुळवण्यापुरता. लेन्स आत बदलू नका. सेन्सरवर चिकटलेला तूस ब्लोअरनेही निघत नाही.

केळीच्या बागेला गल्लीचाच नियम: ओळीची दिशा आणि सूर्याची दिशा जुळली तरच ऊन आतपर्यंत जातं. पानामागून ऊन घ्यायचं, पानावर स्पॉट मोजून एक स्टॉप वाढवायचा. बाकी सरळ आहे.

हवा: इथे ॲप मुकं

फोटोपिल्समध्ये ढग नाहीत, धुकं नाही, धूळ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी गावोगाव पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) पेटतात, शेतात भरिताची वांगी भाजली जातात, वारा पडलेला असतो आणि धुराचा थर जमिनीलगत बसतो. याचे दोन परिणाम. तापीकाठच्या सपाटीवर सूर्य शेवटच्या दोन-तीन अंशांत धुरकटात विझतो, म्हणजे ॲपच्या सूर्यास्ताआधी दहा-बारा मिनिटं सावल्या संपतात. त्यामुळे हिवाळ्यात ॲपची वेळ तेवढी अलीकडे धरा. दुसरा परिणाम फायद्याचा: सूर्य ८ ते ४ अंशांवर असताना याच धुरात झाडाच्या फांद्यांतून तिरिपी पडतात आणि साधा बैलगाडीचा रस्ताही बघण्यासारखा होतो. 

उन्हाळ्यात दूरचा फोटो सकाळी साडेआठ-नऊपर्यंतच. नंतर जमीन तापून हवा थरथरायला लागते आणि २०० मिलिमीटरच्या पुढच्या लेन्सने काहीच रेखीव येत नाही. लेन्सला दोष देऊ नका.

ढगांसाठी 'विंडी' ॲप सोबत ठेवा, त्यात खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे दिसतात. सूर्यास्तानंतर आठ-दहा मिनिटांनी जो दुसरा रंग चढतो तो वरच्या, आठेक किलोमीटर उंचीच्या ढगांवर. त्यांच्यावर खालून पडणारं ऊन पृथ्वीला घासून येतं ते सुमारे ३२० किलोमीटर पश्चिमेकडून. म्हणजे जळगावच्या डोक्यावरचे ढग रंगायचे तर आकाश मोकळं हवं ते डिसेंबरात पालघर-डहाणूकडे, मार्चमध्ये सुरतेसमोरच्या समुद्रावर आणि जुलैत खंभाताकडे. आपल्या डोक्यावर काय आहे ते बघून लोक 'आज रंग येणार' म्हणतात आणि खंभाताच्या आखातावर बसलेला ढगांचा थर सगळं गिळून टाकतो. विंडीवर सूर्यास्ताच्या दिशेने बोट सरकवत तेवढ्या अंतरावरचे खालचे-मधले ढग बघा. दिशा फोटोपिल्सकडून घ्यायची, ढग विंडीकडून. दोघांपैकी एकट्याचं काम नाही.

पावसाळ्यातल्या उघडिपीला फोटोपिल्स पुन्हा कामाला येतं. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेभोवती ४२ अंशांवर असतं, त्यामुळे सूर्य ४२ अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसतच नाही. जुलैच्या मध्यात जळगावात सूर्य या उंचीखाली येतो दुपारी चारला. त्याआधी पाऊस-ऊन एकत्र आलं तरी मान वर करून शोधू नका. चारनंतर सूर्याच्या दिशेत १८० मिळवा किंवा वजा करा, कमानीचा मध्य मिळाला. ५ वाजता कमान बुटकी, साडेसहाला उंच. पूर्ण कमान बसवायला फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २० मिलिमीटरपेक्षा रुंद लेन्स लागते. नसेल तर कमानीचा एक पाय टपरीवर, दुधाच्या कॅनवर, जे समोर असेल त्यावर टेकवा. काळ्या ढगासमोर पश्चिमेचं ऊन पडलेला एसटीचा लाल डबा हाही याच वेळेचा फोटो. तिथेही लाल चॅनल सांभाळा.

पैसे, फोन, पर्याय

ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे, एकदाच पैसे, महिन्याची वर्गणी नाही. मराठी नाही, आणि पहिल्यांदा उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसवल्यासारखं होतं: रात्रीच्या ताऱ्यांचं, टाइमलॅप्सचं, डेप्थ ऑफ फील्डचं असं बरंच सामान आत आहे. वर लिहिलेल्या कामाला त्यातला फक्त प्लॅनर लागतो. आकडेमोड नेटशिवाय चालते, नकाशा मात्र नेटशिवाय उघडत नाही. सातपुड्यात शिरण्याआधी योजना साठवून तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये फोनच सोबत करत नाही. ॲपल स्वतः आयफोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंत वापरा असं सांगतं आणि आपल्याकडे पारा ४३-४४ च्या पुढे जातो. उन्हात धरलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग बंद पडतो. त्या दिवसांत वेळा आणि दिशा घरीच कागदावर उतरवा आणि फोन पिशवीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर नको.

फुकटात हवं असेल तर 'सनकॅल्क' ही साइट आहे. नकाशावर सूर्याची दिशा, उंची, आणि वस्तूची उंची टाकली की सावलीची लांबी. नुसतं 'आज किती वाजता, कुठून' एवढंच लागत असेल तर तीच पुरे, विकत काही घेऊ नका. दिशा आणि उंची देऊन वर्षातली तारीख शोधणं तिथे हाताने, तारखा बदलत करावं लागतं, आणि फोटोपिल्सचे पैसे खरे त्या एका शोधाचे आहेत. लग्नाचे किंवा स्टुडिओचे फोटो काढणाऱ्याला त्याची गरज नाही. एकाच गल्लीकडे, एकाच पथारीकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्याने घ्यावं, आणि घेतल्यावर पहिलं काम म्हणून आपल्या घराच्या आसपासच्या पाच गल्ल्यांची दिशा आणि टोकाची उंची मोजून वहीत लिहून ठेवावी. ॲपला ती आपणहून कधीच कळणार नाही.